स्वभावाचा वाद: गांधार ते दख्खन

पेशावरजवळच्या शाहजी-की-ढेरी या टेकाडावर १९०८-०९ साली पुरातत्त्व खात्याचे डेव्हिड स्पूनर उत्खनन करत होते. सम्राट कनिष्काने बांधलेल्या स्तूपाच्या पायाखालच्या कोठडीत त्यांना धातूची एक लहान पेटिका मिळाली. झाकणावर बुद्ध, त्याच्या दोन्ही बाजूंना ब्रह्मा आणि इंद्र, आत स्फटिकाची कुपी आणि कुपीत अस्थींचे तीन तुकडे. पेटिकेवर खरोष्ठी लिपीत लेख कोरलेला आहे आणि हे दान सर्वास्तिवादी आचार्यांनी स्वीकारावे असे त्यात म्हटले आहे.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात कुषाणांच्या राज्यात या आचार्यांचा मोठा दबदबा होता. गांधार, काश्मीर आणि मथुरा ही त्यांची ठाणी. सर्व काही आहे, असे ते म्हणत. वर्तमानातले आहे, होऊन गेलेले आहे आणि अजून व्हायचे तेही आहे. ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटेल. पण त्यांच्या या भूमिकेतून भारतीय तत्त्वज्ञानातला एक अत्यंत खोल वाद उभा राहिला. वस्तूला स्वतःचा, कुणावर न विसंबणारा, कधी न ढळणारा गाभा असतो का? दर्शनांच्या परिभाषेत, वस्तूला स्वभाव असतो का? हा वाद गांधारात धारदार झाला, दख्खनमध्ये त्याला कलाटणी मिळाली आणि पुढे तो चीन-तिबेटपर्यंत गेला. तो कोरड्या पंडितांचा खेळ कधीच नव्हता. माणूस बदलू शकतो का, हा प्रश्न त्याच्या मुळाशी होता.

पेच कुठून आला

बौद्धांच्या वादाला पार्श्वभूमी होती. श्वेताश्वतर उपनिषदाच्या आरंभीच ऋषी जगाचे कारण शोधतात आणि काळ, नियती, यदृच्छा, पंचभूते अशा पर्यायांच्या मालिकेत स्वभावाचेही नाव येते. काट्याला टोक कोण आणतो, पशुपक्ष्यांचे नाना रंग कोण रंगवतो? कुणीच नाही, ते स्वभावानेच तसे आहेत, असे म्हणणारा एक विचारप्रवाह त्या काळी होता. अश्वघोषाच्या बुद्धचरितात त्याची दखल आहे. ईश्वराला फाटा देणारे हे उत्तर धाडसी खरे, पण त्यात एक धोका होता. सगळे स्वभावानेच घडत असेल तर माणसाच्या प्रयत्नाला काय अर्थ उरतो?

बुद्धाने वेगळी वाट धरली. हे असले की ते होते, हे थांबले की ते थांबते, असा त्याचा प्रतीत्यसमुत्पाद. माणसाच्या आत कायमचा टिकणारा आत्मा नाही, आहे तो रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान या पाच स्कंधांचा प्रवाह. त्याच बुद्धाने असेही सांगितले की कर्माचे फळ भोगावे लागते. इथे शिष्यांपुढे पेच पडला. आज एकाने हिंसा केली. ती कृती घडली आणि संपली. फळ मिळायचे ते वर्षांनी, कदाचित पुढच्या जन्मी. मधल्या काळात ती कृती कुठे असते? आत्मा मानला असता तर कर्माचे ओझे त्याच्या खांद्यावर ठेवता आले असते. बौद्धांना ती सोय नव्हती.

काश्मीरचे उत्तर

सर्वास्तिवाद्यांनी या पेचाला अत्यंत चिकाटीने हात घातला. अभिधर्म म्हणजे अनुभवाचे पृथक्करण. घडा फोडला की घडा उरत नाही, खापऱ्या उरतात. पाण्याचे मनाने विश्लेषण केले की पाणी उरत नाही, रूप, रस, गंध उरतात. जे फोडले की नाहीसे होते ते केवळ व्यवहारापुरते सत्य. फोडून, विश्लेषून जे शेवटी उरते ते खरे. अशा अंतिम घटकांना त्यांनी धर्म म्हटले. परंपरेत त्यांची संख्या ७५ ठरली. अकरा रूपाचे, एक चित्त, सेहेचाळीस चित्तासोबतचे, चौदा चित्ताशी न जोडलेले आणि तीन असंस्कृत, म्हणजे कारणांनी न घडणारे.

प्रत्येक धर्माला त्याचा स्वभाव आहे. पृथ्वीचा काठिण्य, पाण्याचा ओलावा, अग्नीचा उष्णता, वायूचा गती. लोभाचा वेगळा, श्रद्धेचा वेगळा. या स्वभावावरूनच एक धर्म दुसऱ्यापासून ओळखायचा. हा स्वभाव तिन्ही काळांत तसाच राहतो, आणि कर्माच्या प्रश्नाचे उत्तर त्यांना इथे सापडले. भूतकाळातले कर्म नाहीसे झालेले नाही, स्वभावाने ते आहेच, म्हणून फळ देऊ शकते. त्यांचा आणखी एक युक्तिवाद असा, की जाणीव विषयाशिवाय उपजत नाही. होऊन गेलेली गोष्ट आपण आठवतो, तर त्या आठवणीला विषय असलाच पाहिजे.

मग भूत, वर्तमान आणि भविष्य यांत फरक काय उरला? यावर चार आचार्यांची चार मते सांगितली जातात. धर्मत्रात म्हणाले की भाव बदलतो पण द्रव्य तेच राहते. घोषकांनी काळाच्या लक्षणांचा आधार घेतला. बुद्धदेवांनी आधीच्या-नंतरच्या अपेक्षेवर भर दिला. वसुमित्रांचे मत सर्वांत ग्राह्य ठरले. हिशेबाची गोटी एककाच्या घरात ठेवली तर एक, शतकाच्या घरात ठेवली तर शंभर आणि सहस्राच्या घरात ठेवली तर हजार. गोटी बदलत नाही, जागा बदलते. तसेच धर्म कार्य करत असतो तेव्हा वर्तमान, कार्य करायचे असते तेव्हा भविष्य, कार्य संपले की भूत.

या चर्चांचा महासागर म्हणजे महाविभाषा. परंपरा तिची रचना काश्मीरशी आणि कनिष्काच्या काळाशी जोडते. मूळ संस्कृत हरवले, पण सातव्या शतकात ह्युएनत्संगाने केलेला चिनी अनुवाद २०० भागांचा आहे. महाविभाषेवरूनच या पंथाच्या आचार्यांना वैभाषिक हे नाव पडले. बौद्धांतल्याच इतर पंथांना हे पटले नव्हते. पाली परंपरेतल्या कथावत्थूत, सर्व आहे, या मताचे सविस्तर खंडन आहे. बुद्धाने आत्मा दारातून बाहेर घालवला आणि तुम्ही स्वभावाच्या रूपाने तो खिडकीतून आत घेतलात, अशी शंका अनेकांच्या मनात होती. तरी सर्वास्तिवाद्यांची तळमळ समजून घेतली पाहिजे. जबाबदारी टिकावी, केलेले कर्म वाया जाऊ नये, नीतीला पाया मिळावा, यासाठी त्यांना जगात काहीतरी पक्के हवे होते.

सातवाहनांचे दख्खन

याच काळात दक्षिणेत सातवाहनांची सत्ता होती. राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण. सह्याद्रीच्या घाटवाटांवर भिक्खूंसाठी लेणी कोरली जात होती आणि त्यांच्या भिंतींवरचे लेख त्या काळच्या पंथांची नावे सांगतात. कार्ल्याच्या लेण्यात, तेव्हाच्या वलूरकात, महासांघिक भिक्खूंना गाव दान दिल्याचा लेख आहे. तिथेच वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या चोविसाव्या वर्षी हरफरण नावाच्या उपासकाने महासांघिकांना नऊ खोल्यांचा मंडप दिला. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीने भद्रायणीय पंथाला विहार दिला. जुन्नरच्या लेखांत धर्मोत्तरीयांचे नाव येते. आज ही लेणी पाहताना शिल्पाकडे लक्ष जाते. पण या खोल्यांतून राहणारे भिक्खू निरनिराळ्या पंथांचे होते आणि काय खरे अस्तित्वात आहे यावर त्या पंथांची मते एक नव्हती, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

या दक्षिणेतून नागार्जुन पुढे आला. त्याचा काळ साधारण इसवी सन १५० ते २५० मानतात. तिबेटी परंपरा त्याचा जन्म विदर्भात झाला असे सांगते. त्याच्या जीवनाभोवती दंतकथांचे दाट वेष्टण आहे, पण सातवाहन राजाशी त्याचा स्नेह होता हे अनेक ठिकाणी येते. सातव्या शतकात बाणभट्टाने हर्षचरितात नागार्जुनाने आपला मित्र, तीन समुद्रांचा स्वामी असलेल्या सातवाहनाला मोत्यांची एकावली दिल्याची कथा सांगितली. त्याच शतकात भारतात आलेल्या इत्सिंगाने नोंदवले आहे की नागार्जुनाचे राजाला लिहिलेले पत्र, सुहृल्लेख, इथले विद्यार्थी पाठ करत.

गाभ्याची परीक्षा

नागार्जुनाचा मुख्य ग्रंथ मूलमध्यमककारिका. सत्तावीस प्रकरणे आणि साडेचारशेच्या आसपास कारिका. पंधरावे प्रकरण स्वभावाच्या परीक्षेचे आहे. त्याचा युक्तिवाद आटोपशीर पण भेदक. स्वभाव कशाला म्हणायचे? जे बनवलेले नाही आणि दुसऱ्या कशाची अपेक्षा ठेवत नाही त्याला. पण तुम्हीच म्हणता की संस्कृत धर्म हेतू आणि प्रत्ययांमुळे उपजतात. कारणांनी उपजलेले म्हणजे बनवलेले. बनवलेला स्वभाव ही भाषाच विसंगत. आणि स्वभाव असता तर तो बदलला नसता, कारण बदलणारा तो स्वभाव कसला?

याच प्रकरणात नागार्जुन बुद्धाने कात्यायनाला केलेल्या उपदेशाची आठवण देतो. 'आहे' आणि 'नाही' ही दोन टोके टाळायला बुद्धाने सांगितले होते. संपूर्ण कारिकाग्रंथात नावानिशी आलेले हे एकमेव सूत्र. आपण नवे काही काढत नाही, बुद्धाच्याच शब्दाकडे परत जातो आहोत, हे त्याला ठासून सांगायचे होते.

सातव्या शतकातला भाष्यकार चंद्रकीर्ती हा मुद्दा उलगडून दाखवतो. पाण्याचा उष्णपणा पाण्याचा स्वभाव नाही, तो बाहेरून आला, हे सगळेच मानतात. मग अग्नीची उष्णता तरी त्याची स्वतःची कशी? लाकूड हवे, घर्षण हवे, सूर्यकिरण एकवटणारा मणी हवा. या सगळ्यावर अवलंबून अग्नी आणि त्याची उष्णता एकत्रच येतात. व्यवहारात उष्णतेला अग्नीचा स्वभाव म्हणावे, त्याला हरकत नाही. पण अंतिम सत्य म्हणून ती टिकत नाही.

मोठा आघात चोविसाव्या प्रकरणात आहे. पूर्वपक्षाची तक्रार गंभीर आहे: सगळे शून्य, म्हणजे स्वभावरहित, असेल तर चार आर्यसत्ये उरत नाहीत. दुःख नाही, दुःखाचे कारण नाही, निरोध नाही, मार्ग नाही. मग संघ नाही, धर्म नाही, बुद्धही नाही. तुम्ही सगळेच बुडवलेत.

नागार्जुन हा आरोप जसाच्या तसा उलटवतो. बुडवले ते तुम्ही. दुःखाला स्वभाव असेल तर ते कधी संपणारच नाही. अज्ञान स्वभावाने असेल तर ज्ञान कधी येणार नाही. मार्गाला स्वभाव असेल तर त्याचा अभ्यास करण्यात अर्थ नाही. जो स्वभावानेच बुद्ध नाही त्याने कितीही साधना केली तरी तो बुद्ध होणार नाही. शून्यता आहे म्हणून सारे शक्य होते. ती नसेल तर काहीच शक्य नाही. प्रतीत्यसमुत्पाद म्हणजेच शून्यता, आणि हीच मध्यमा प्रतिपदा, असे तो निर्णायकपणे सांगतो. सोबत इशाराही देतो, की शून्यता चुकीच्या पद्धतीने धरली तर ती मंद बुद्धीच्या माणसाचा घात करते, चुकीचा पकडलेला साप दंश करतो तशी.

विग्रहव्यावर्तनी या सत्तर कारिकांच्या छोट्या ग्रंथात त्याने आणखी एका अवघड आक्षेपाला तोंड दिले. सगळेच निःस्वभाव असेल तर तुमचे हे वाक्यही निःस्वभाव. मग त्याने दुसऱ्याचे खंडन कसे होणार? पहिल्या वीस कारिकांत नागार्जुन प्रतिपक्षाचे म्हणणे पूर्ण ताकदीने मांडतो आणि मगच उत्तराला हात घालतो. गाडी, घडा, वस्त्र ही कारणांवर अवलंबून आहेत, म्हणून शून्य आहेत. तरीही गाडी लाकूड वाहून नेते, घड्यात पाणी-दूध राहते, वस्त्राने थंडीवाऱ्यापासून रक्षण होते. तसेच माझे वाक्य शून्य असूनही आपले काम करते. काम करण्यासाठी स्वभाव लागत नाही, उलट ज्याला दुसऱ्याची जोड मिळते तेच काम करू शकते.

हा विचार त्याने राजसभेतही नेला. राजाला उपदेश करणाऱ्या रत्नावलीत तो सांगतो की कैद्यांना सोडेपर्यंत न्हावी, स्नान, अन्नपाणी, औषध, वस्त्र यांची सोय करावी. शिक्षा द्यायचीच तर अयोग्य मुलांना योग्य करण्याच्या इच्छेने द्यावी तशी करुणेने द्यावी. मला यात चोविसाव्या प्रकरणाचाच तर्क कायद्याच्या भाषेत दिसतो. माणूस स्वभावाने गुन्हेगार नसेल, तरच शिक्षेला सुधारणेचा हेतू राहतो.

पुढची शतके

वाद इथे मिटला नाही. चौथ्या-पाचव्या शतकात गांधारच्या वसुबंधूने अभिधर्मकोशात वैभाषिकांची मते सुबोधपणे रचली आणि त्यावरच्या स्वतःच्या भाष्यात तिन्ही काळ असण्याच्या सिद्धांतावर हल्ला चढवला. भूतकाळातले कर्म टिकवायची गरज नाही, कर्म चित्तप्रवाहात बीजासारखे परिणाम करत राहते, असे त्याने दाखवले. संघभद्राने न्यायानुसार हा मोठा ग्रंथ लिहून वैभाषिकांची बाजू लढवली. पुढे धर्मकीर्तीने अनुमानाची बांधणी करताना स्वभावाला पुन्हा जागा दिली, पण त्याचा अर्थ कार्य करण्याची क्षणिक शक्ती इतकाच केला.

इकडे नागार्जुनाची कारिका कुमारजीवाने ४०९ साली चांगआनमध्ये चिनी भाषेत आणली. आठव्या शतकात शांतरक्षित तिबेटात गेला आणि सम्ये हा तिथला पहिला विहार उभा राहिला. खरा स्वभाव असेल तर तो एक तरी असला पाहिजे किंवा अनेक तरी, आणि परीक्षेत दोन्ही टिकत नाहीत, हा त्याचा युक्तिवाद तिबेटी विद्यापीठांत पाठाचा भाग झाला. भारतातले विहार ओस पडले, पोथ्या नष्ट झाल्या, तेव्हा हिमालयापलीकडे हा वाद जिवंत राहिला.

तो परत आला तो पोथ्यांच्या रूपाने. चंद्रकीर्तीच्या प्रसन्नपदा टीकेची संस्कृत आवृत्ती १९०३ ते १९१३ या काळात रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमधून छापली गेली. राहुल सांकृत्यायन चार वेळा तिबेटात गेले. शालू विहारात १९३६ मध्ये त्यांना विग्रहव्यावर्तनीचे मूळ संस्कृत मिळाले आणि पुढच्याच वर्षी ते प्रसिद्ध झाले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातले वासुदेव विश्वनाथ गोखले यांनी तिबेटातून आलेल्या पोथीच्या छायाचित्रांवरून अभिधर्मकोशाच्या कारिका संपादित करून १९४६ साली छापल्या. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी १९६० मध्ये दरभंग्याहून नागार्जुनाचे मध्यमकशास्त्र चंद्रकीर्तीच्या टीकेसह संपादित केले. दख्खनमध्ये ज्या विचाराला कलाटणी मिळाली, त्याच्या ग्रंथांसाठी दख्खनच्या विद्वानांनी आयुष्ये वेचली.

आजचा प्रश्न

विसाव्या शतकात हा वाद ग्रंथालयाबाहेरही पोहोचला. गीतेच्या अठराव्या अध्यायात चार वर्णांची कर्मे स्वभावातून उपजलेल्या गुणांनुसार विभागलेली आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गीतेवरच्या, मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनात नेमके यावर बोट ठेवले. जन्मजात गुणांचा सिद्धांत पुढे करून चातुर्वर्ण्याला तात्त्विक आधार दिला जातो, असे त्यांचे म्हणणे होते. बुद्धाने हाच आधार फार पूर्वी नाकारला होता. सुत्तनिपातातल्या वासेट्ठ सुत्तात तो सांगतो की गवत, झाडे, पशुपक्षी यांच्यात जातीची वेगळी लक्षणे दिसतात, माणसांत ती दिसत नाहीत. कुणी शेतकरी होतो, कुणी कारागीर, ते कर्माने.

नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आंबेडकरांची धम्मदीक्षा झाली. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा आंबेडकरांचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये बाहेर आला. त्यात अनित्यतेविषयी लिहिताना ते शून्यतेकडे वळतात. शून्यता म्हणजे सर्वनाश नव्हे, क्षणोक्षणी चालणारा बदल आहे, आणि तिच्यामुळेच जगात सर्व काही शक्य होते, हे फार थोड्यांना कळते, असे ते सांगतात. नागार्जुनाच्या चोविसाव्या प्रकरणातलाच हा निष्कर्ष आहे.

सर्वास्तिवाद्यांना नीतीसाठी काहीतरी पक्के हवे होते. त्यांची गरज खरी होती आणि तिच्याकडे पाठ फिरवून चालत नाही. नागार्जुनाने दाखवले की नीतीला आधार द्यायला गाभ्याचा पक्केपणा लागत नाही. कृतीचा परिणाम होतो आणि परिणाम पुन्हा दुसऱ्या कृतीने बदलता येतो, एवढे पुरते. एखाद्या माणसाला, जातीला किंवा समाजाला, हे मुळातच असे आहेत, असे म्हणून जेव्हा कायमच्या चौकटीत बसवले जाते, तेव्हा या अठराशे वर्षांपूर्वीच्या युक्तिवादाची गरज पडते. माणूस कारणांनी घडला आहे, म्हणून कारणे बदलली की तो वेगळा घडू शकतो. शिक्षण, न्याय, संघटना आणि साधना यांच्यावर विश्वास ठेवायला याहून भक्कम आधार मला माहीत नाही.